आयेचं काम काय लिहायचं?

(आजीच्या पुण्यानुमोदनाला वस्तीतल्या विहारात बोललो ते. बोलताना तुटक राहिलेलं लिहिताना जोडून घेतलं आहे.)

दोस्तांनो, बायांनो, आणि मागं दाराशी उभं राहून मोबाइल बघणाऱ्या पोरांनो,

माझ्या आधी चार जण बोलले. चौघांनीही आयेला माऊली म्हटलं. त्यागाची मूर्ती म्हटलं. एक जण म्हणाले, अशा देव्या आता होणे नाही. त्यांच्या मायेबद्दल मला शंका नाही. पण मी आयेचा नातू आहे. जन्मल्यापासून तिच्याबरोबर एका खोलीत झोपलोय. हे सगळं ऐकून ती काय बोलली असती ते मला ठाऊक आहे. ती बोलली असती, "देव बुडवून आले रं मी समुद्रात, आनि तुमी मलाच देव्हाऱ्यात बशिवता?"

म्हणून मी आज तिची आरती ओवाळणार नाही. मी हिशेब मांडणार आहे. एक बाई अठ्ठ्याण्णव वर्षं जगली. त्यातली चाळीसेक वर्षं तिनं डोक्यावर ओझं वाहिलं. या बाईच्या नावावर काय जमा आहे आणि कुणाच्या नावावर तिचं देणं आहे, एवढंच मला बोलायचंय.

पहिली गोष्ट वयाची. आयेच्या आधार कार्डावर जन्मतारीख होती १ जानेवारी १९३६. आपल्या वस्तीतल्या निम्म्या म्हाताऱ्या १ जानेवारीच्याच. हसू नका. त्या जन्मल्या तेव्हा त्यांची नोंद घ्यावी असं कुणाला वाटलं नाही, म्हणून सरकारला त्या सगळ्या एकाच दिवशी जन्माला घालाव्या लागल्या. गावात कोण मेलं तर त्याची वर्दी उन्हापावसात पायपीट करून गावोगाव पोचवायची कुणी? महारानं. आणि त्या महाराच्या घरी पोर जन्मली तर तिची वर्दी कुणी लिहायची? कुणीच नाही.

पण आयेला आपलं जन्मसाल पक्कं ठाऊक होतं. ती म्हणायची, "मी तळ्याच्या सालची. भातलावणीत झाले." तळ्याचं साल म्हणजे १९२७. २० मार्चला बाबासाहेब महाडच्या चवदार तळ्यावर गेले, ओंजळीनं पाणी प्यायले, त्यांच्या मागं हजारो माणसं प्यायली. मग देवळात घुसणार अशी अफवा उठवून आपल्या माणसांना झोडपलं. त्याच पावसाळ्यात महाडपासून दोन-तीन कोसांवरच्या एका गावात, महारवाड्यातल्या कुडाच्या घरात आमची आये जन्मली. तळ्याचा खटला कोर्टात चालू झाला तेव्हा ती मांडीवर होती. मुंबईच्या हायकोर्टानं १७ मार्च १९३७ ला तळं आपल्यालाही खुलं असल्याचा निकाल दिला तेव्हा ती दहाव्या वर्षात होती. म्हणजे ओंजळभर पाण्याचा न्याय व्हायला एक पोर वाढून कामाला लागेपर्यंतचा वेळ लागला. तारखा पाठ करताना हेही पाठ करा.

डिसेंबर १९२७ मध्ये महाडला पुन्हा परिषद भरली. मांडव घालायला हिंदू कुणी जागा देईना. जागा दिली ती फत्तेखान नावाच्या मुसलमान माणसानं. २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली. ते आपण दर वर्षी साजरं करतो. त्याच परिषदेच्या वेळी बाबासाहेब बायकांशी वेगळं बोलले, ते मात्र आपण पटकन उरकून टाकतो. त्या बायकांत आयेची आय होती. पाच महिन्यांची आये तिच्या छातीशी होती. म्हणजे आये त्या सभेला हजर होती असं म्हणायला हरकत नाही. ती म्हणायचीसुद्धा, "मी हुते ना. झोपले हुते, पन हुते."

बाबासाहेबांनी काय सांगितलं ते आयेच्या आयेनं घरी येऊन सांगितलं. लुगडं नेसायची जुनी रीत सोडा. ज्या दागिन्यांवरून लांबूनच तुमची जात ओळखू येते ते काढून टाका. मेलेलं जनावर घरात येऊ देऊ नका. पोरींना शिकवा.

आता तुम्ही म्हणाल, लुगड्यात काय एवढं? सांगतो. आपल्या बायांनी लुगडं गुडघ्याजवळ आखूड नेसायचं, हा काही हौसेचा मामला नव्हता. ती खूण होती. गुराच्या कानाला जशी खूण करतात तशी. आयेची आय महाडहून परत आली ती लुगडं घोट्यापर्यंत सोडून आली. गळ्यातलं, हातातलं पितळ-कथील तिनं काढून गाठोड्यात बांधलं. दुसऱ्या दिवशी ती तशीच शेतावर गेली. खोताच्या माणसानं अडवलं. "बामणीन झालीस काय गो?" ती म्हणाली, "नाय. बाई झाले." पुढं सहा महिने तिला त्या शेतावर काम मिळालं नाही. घरात एक वेळची पेज. पण लुगडं वर गेलं नाही.

ही गोष्ट आयेनं मला शंभरदा सांगितली असेल. प्रत्येक वेळी शेवट एकच. "सा म्हयने पेज पिली माझ्या आयनं. लुगडं उगाच खाली नाय आलं."

मित्रांनो, आपण समतेवर परिसंवाद घेतो. त्या बाईनं समता कमरेला गुंडाळली आणि तिची किंमत पोटानं भरली.

आता मुंबई. तेराव्या वर्षी लग्न झालं. नवरा मुंबईत गोदीत हमाल. बाणकोटच्या खाडीतून बोटीत बसून ती भाऊच्या धक्क्याला उतरली ती १९४१ च्या सुमाराला. उतरताना तिला समुद्र आवडला नाही. का, तर "एवढं पानी, आनि प्यायचं नाय. गावासारकंच." माझगावच्या बाजूला एका खोलीत दोन बिऱ्हाडं, मध्ये गोणपाटाचा पडदा. नवऱ्याला रोज काम मिळेलच असं नव्हतं. टोळीवाला सकाळी फाटकाशी उभा राहायचा. ज्याच्याकडं बोट करील तो आत. बाकीचे घरी. बोट आपल्याकडं वळावं म्हणून मुकादमाला चहा पाजायचा, पगारातले पैसे द्यायचे. मग घर चालणार कसं? आये पाटी घेऊन कोळशाच्या बंदरावर गेली.

मी गोदीत काम करतो. कंत्राटावर. आमच्याकडं आता क्रेन आहेत, फोर्कलिफ्ट आहेत, तरी संध्याकाळी कंबर धरते. आयेच्या वेळी कोळशाचा डोंगर माणसांच्या डोक्यावरून हलत होता. फावडं पुरुषाच्या हातात, पाटी बाईच्या डोक्यावर. पुरुष भरणार, बाई वाहणार. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर पाटी, अनवाणी पायाखाली फळी. खेपेगणिक हिशेब. दिवसभर कोळसा नाकातोंडात. घरी आल्यावर धुवायला चाळीच्या नळाचं पाणी दोन बादल्या. ती सांगायची, "मूल अंगावर प्यायचं तर पयलं छाती पुसायची. नायतर पोराचं तोंड काळं हुयाचं." एवढंच सांगायची. त्याच्यावर रडायची नाही. आपण कवी लोक त्याच्यावर रडतो आणि टाळ्या घेतो.

१४ एप्रिल १९४४. बाबासाहेबांची जयंती. ते त्या वेळी व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते. आमच्या चाळीत पताका लागल्या होत्या. संध्याकाळी जलसा होता. आये सोळा वर्षांची. सुट्टी कसली? पाटी घेऊन कामावर. दुपारी चारच्या सुमाराला व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकीन' नावाचं जहाज उडालं. त्या एका जहाजात दारूगोळा, कापसाच्या गासड्या आणि सोनं एकत्र भरलेलं. पहिला धडाका झाला, अर्ध्या तासानं दुसरा, पहिल्याहून मोठा. आये म्हणायची, पायाखालची जमीन पाण्यासारखी हालली. आभाळातून पेटता कापूस पडत होता. तिच्या टोळीतल्या सगळ्या बाया पळाल्या. संध्याकाळी मोजणी झाली तेव्हा तीन कमी. एक तिच्या शेजारच्या गावची होती, तिचं लग्न होऊन सहा महिने झाले होते.

त्या जहाजावरच्या सोन्याच्या विटा गोदीच्या गाळातून पुढं कित्येक वर्षं सापडत राहिल्या. त्या मोजलेल्या होत्या, म्हणून शोधून काढल्या. मेलेल्या माणसांचा आकडा मात्र आजवर एक नाही. कुठं आठशे लिहिलंय, कुठं तेराशे. म्हणजे मधली पाचशे माणसं असून नसून सारखी. आग विझवताना बंबवाले ६६ जण मेले. त्यांच्या आठवणीत १४ एप्रिल हा अग्निशमन सेवा दिन पाळतात. पाळलाच पाहिजे. बहाद्दर माणसं ती. पण आयेच्या टोळीतल्या त्या तीन बाया कुठल्या दगडावर कोरलेल्या मी तरी पाहिल्या नाहीत. आये दर १४ एप्रिलला सकाळी बाबासाहेबांना हार घालायची आणि दुपारी चार वाजता काही न बोलता बसून राहायची. मिरवणुकीचे ढोल वाजत असायचे. आम्ही पोरं तिला ओढायचो. "जावा तुमी," म्हणायची, "माझं दुसरं काम हाय."

१९४८ मध्ये गोदी कामगारांचा कायदा आला, मागून नोंदणी आली. टोळीवाल्याचं बोट गेलं, कार्ड आलं. हे फुकट मिळालं नाही, कामगार लढले. आजोबाला कार्ड मिळालं. आयेला मिळालं नाही. ती जिथं होती तिथंच, मुकादमाच्या हाताखाली. पुढं जहाजं तेलावर चालायला लागली, कोळसा कमी झाला, मग ती दाणाबंदरला धान्य झाडायला, निवडायला जायला लागली. आजोबा १९७१ मध्ये गोदीत वायर तुटून जखमी झाला आणि वर्षाच्या आत गेला. काही पैसे मिळाले, ते कर्जात गेले. घरात पाच पोरं. धाकटा माझा बाप, पाच वर्षांचा. आयेनं पाटी खाली ठेवली ती पन्नाशी उलटल्यावर, पोरं हाताशी आल्यावर.

आता ते डिसेंबरचं सांगतो.

१९५६ मध्ये १४ ऑक्टोबरला नागपूरला दीक्षा झाली. आये गेली नव्हती. भाड्याला पैसे नव्हते आणि पोर लहान. पण मुंबईत १६ डिसेंबरला बाबासाहेब दीक्षा देणार असं ठरलं होतं. चाळीतल्या बायांनी पांढऱ्या लुगड्यासाठी भिशी लावली होती. आयेचं लुगडं आलंसुद्धा होतं, ट्रंकेत घडी करून ठेवलेलं. आणि ६ तारखेला खबर आली.

७ डिसेंबरला ती तेच लुगडं नेसून बाहेर पडली. दीक्षेचं लुगडं अंत्ययात्रेला. राजगृहाच्या बाजूची गर्दी, मग तिथून दादर चौपाटी. कडेवर पोर. पायात काही नाही. लाखो माणसं आणि आवाज नुसता हुंदक्यांचा. तिथं चितेजवळ भदंत आनंद कौसल्यायन यांनी दीक्षा दिली. लाखभर माणसांनी हात जोडून त्रिशरण-पंचशील म्हटलं. जो बाप १६ तारखेला दीक्षा देणार होता, त्याच्या देहासमोर ७ तारखेला घेतली. मी तिला एकदा विचारलं, आये, रडलीस? म्हणाली, "रडत हुते. पन डोळं पुसायला हात मोकळं नव्हतं. एका हातात पोर, ते खाली ठेवलं, मंग दोनी हात जोडलं. पानी तसंच गळालं."

घरी आली. सासूचा देव्हारा होता गावाहून आणलेला, टाक, नारळ, भंडारा. रात्रभर ती त्याच्याकडं बघत बसली. सकाळी कामावर जाताना पाटीत घातला आणि बंदरावर पाण्यात सोडला. मग त्याच पाटीत कोळसा भरला. सासू चार महिने बोलली नाही. पुढं सासू आजारी पडली तेव्हा चाळीतले म्हणाले, देव कोपला. आये म्हणाली, "देव कोपला नाय, फुप्पुस कोपलंय," आणि तिला पाठीवर घेऊन दवाखान्यात गेली. सासू पुढं नऊ वर्षं जगली. मरताना तिनं आयेचा हात धरला होता. मला वाटतं, धम्म म्हणजे काय ते मला पुस्तकाआधी या दोन म्हाताऱ्यांनी शिकवलं.

डिसेंबर १९६४ मध्ये दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांचा सत्याग्रह झाला, लाखोंनी माणसं तुरुंगात गेली, त्यात आयेही गेली. तिच्या सात पिढ्यांत कुणाच्या नावावर वीतभर जमीन नव्हती. तुरुंगातलं तिला काय आठवायचं? "चाळीस वर्सांत पयल्यांदा आयती भाकर खाल्ली." आकडा तिचाच. तेव्हा ती होती सदतीसची.

आता थोडं कडू बोलतो. पुण्यानुमोदनाला बोलू नये म्हणतात. पण खोटं बोललो तर पुण्य कसलं?

माझी थोरली आत्या समोर बसली आहे. तिला विचारून बोलतोय. आत्या चौथीपर्यंत शिकली. वर्गात पहिली यायची. आयेनं तिला शाळेतून काढलं. पाठीवरच्या भावंडांना सांभाळायला. जिच्या आयेनं महाडला बाबासाहेबांच्या तोंडून ऐकलं होतं की पोरींना शिकवा, जी स्वतः ते शंभरदा सांगायची, तिनं आपली हुशार पोर घरी बसवली. मुलगे शिकले. थोरले काका मॅट्रिकपर्यंत गेले. आत्या पाळणा हलवत राहिली.

काल रात्री आत्याला विचारलं, तुला राग आहे का? आत्या म्हणाली, "हाय. अजून हाय. पण रं, ती कोळशावर जायाची तवा पोरं कुनाकडं ठेवणार? मुकादमाकडं?" दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या आहेत. आयेनं आत्यावर अन्याय केला. आणि आयेपुढं दुसरी वाट कुणी ठेवली नव्हती. ना मालकानं, ना नवऱ्यानं, ना युनियननं. आणि आपल्या चळवळीनं ठेवली होती का? आपण विहार बांधले, पुतळे उभारले. कामावर जाणाऱ्या बाईचं पोर दिवसभर सांभाळायची एक खोली किती वस्त्यांत काढली? 'त्यागमूर्ती' म्हटलं की हा प्रश्न झाकून जातो. म्हणून मला तो शब्द नको.

आयेला हे कळत होतं. पॅंथरच्या काळातली गोष्ट. १९७२ मध्ये पॅंथर उभी राहिली, थोरले काका त्यात. जानेवारी १९७४ मध्ये वरळीच्या बीडीडी चाळीत दंगल पेटली, १० जानेवारीला परळला मोर्चावर वरून दगड आला आणि भागवत जाधव गेले. काका त्या मोर्चात होते. रात्री शर्टाला रक्त लागलेलं घेऊन घरी आले. आयेनं शर्ट धुतला नाही. घडी करून ठेवला. म्हणाली, ऱ्हाऊ दे. दुसऱ्या दिवशी चाळीतल्या बायांना घेऊन ती वरळीला भाकऱ्या पोचवायला गेली.

पण पुढं काकांचे दोस्त घरी जमायचे. रात्र रात्र चर्चा. मार्क्स, बुद्ध, क्रांती. मधून मधून आवाज, "आये, चहा." एका रात्री आयेनं चहा आणला आणि खालीच बसली. म्हणाली, "एक इचारू? तुमच्या सभेला बाया किती असतात?" कुणीतरी म्हणालं, येतील, हळूहळू येतील. आये म्हणाली, "येतील कशा? त्या इथं चा करतात ना." काका हे सांगून आजही हसतात. मला त्यात हसण्यासारखं फारसं सापडत नाही. त्या सभेचे ठराव कुठं ना कुठं छापले असतील. हा प्रश्न कुणी छापला नाही. म्हणून आज मी छापायला देतोय.

आणि शेवटी त्या फॉर्मचं. आये गेल्यावर मी मृत्यूची नोंद करायला एका कचेरीत गेलो. कुठली ते सोडा, सगळीकडं सारखंच. धर्माच्या रकान्यात बौद्ध लिहिलं, तिथं माणूस काही बोलला नाही. एवढं तरी आपण मिळवलंय. मग व्यवसायाचा रकाना. त्यानं मान वर न करता लिहिलं, गृहिणी.

मी म्हटलं, साहेब, ती कोळसा वाहायची. तो म्हणाला, कधी? मी म्हटलं, १९४१ पासून. त्यानं माझ्याकडं बघितलं. म्हणाला, पेन्शन होती? नाही. कार्ड? नाही. फंड? नाही. मग? गृहिणीच लिहायचं असतं.

तो माणूस वाईट नव्हता. त्याच्यामागं रांग होती. पण दोस्तांनो, त्याचा प्रश्न नीट ऐका. काम केल्याचा कागद नसेल तर काम झालंच नाही. चाळीस वर्षं वाहिलेल्या ओझ्याची पावती म्हाताऱ्या बाईनं दाखवावी. पावती होती ना. टाळूवर मधोमध केस उगवायचे थांबले होते, चुंबळीच्या जागी. मानेचे मणके बसले होते. छातीत काळा खोकला होता. ती पावती आम्ही चितेवर ठेवून आलो होतो.

मी रांग अडवली. अर्धा तास अडवली. मागच्या बायांपैकी एक म्हणाली, लिहा ना हो साहेब, माझी सासूपण तिथंच होती. तिच्या मागची म्हणाली, माझी आईपण. शेवटी त्यानं गृहिणी खोडलं आणि लिहिलं, मजूर. खोडाखोडीच्या बाजूला सही केली. एक शब्द. आये असती तर म्हणाली असती, "यवढ्यासाठी खाडा केलास?" हो आये, खाडा केला.

पण एका फॉर्मवरचा एक शब्द म्हणजे इतिहास नाही. तो आपल्याला लिहावा लागेल. आणि हे काम कुणी केलंच नाही असं नाही. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून दारोदार हिंडल्या, आंबेडकरी चळवळीतल्या म्हाताऱ्यांना बोलतं केलं आणि १९८९ मध्ये 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक काढलं. फलटणच्या बेबीताई कांबळे दुकानात बसून, नवऱ्यापासून लपवून लिहायच्या. ते 'जिणं आमुचं' म्हणून १९८६ मध्ये पुस्तक झालं. विचार करा, चळवळीतल्या घरातली बाई आपल्याच माणसाची गोष्ट आपल्याच माणसापासून लपवून लिहिते. ही पुस्तकं आपल्या किती पोरांनी वाचलीत? हात वर करा. राहू दे, नका करू.

तळ्याच्या सालच्या बाया आता जवळजवळ संपल्या. १९५६ ला ज्या दहा-बारा वर्षांच्या होत्या त्यांनीही ऐंशी पार केली. त्या खोकतायत, विसरतायत, आणि आपण त्यांना आठ मार्चला शाल देतोय. शाल नका देऊ. वेळ द्या.

प्रत्येकानं आपल्या घरातल्या, नसेल तर शेजारच्या म्हातारीजवळ बसायचं. मोबाइल हातातच असतो, त्याचं रेकॉर्डिंग चालू करायचं. बाबासाहेबांना पाहिलंत का, हा प्रश्न शेवटी विचारायचा. तो आधी विचारला की म्हातारी तेवढंच सांगते आणि स्वतःला विसरते. आधी विचारायचं: पहिलं काम कुठं केलंस? मजुरी किती, आणि ती हातात कुणाच्या यायची? पाणी कुठून आणायचीस? देव कधी टाकलेस, आणि घरात कोण भांडलं? कुठली पोर शाळेतून काढलीस, आणि का? कामावर कोण मेलं, नाव सांग. ती जसं बोलेल तसं लिहायचं. शुद्ध करायचं नाही. 'हुतं' म्हणाली तर 'हुतं'च.

संपादकांशी मी बोललोय. या मासिकाची दोन पानं प्रत्येक अंकात त्यासाठी ठेवा, माझ्या कवितेची जागा कापून ठेवा. पहिल्या पानावर आत्याचं येईल. आत्या कबूल झाली आहे. एकाच अटीवर. ती सांगणार आणि तिची नात लिहिणार. मी नाही. मी चहा करायचा, असं ठरलंय.

जयभीम.